पाठ झालेलं उत्तर आणि आलेली भाषा

प्रश्न : बाई, नमस्कार. मी दिंडोरी तालुक्यात सातवीला मराठी शिकवते. वर्गात ४८ मुलं, त्यातली काही घरी कोकणा बोलीत बोलतात. घटक चाचणीत स्वाध्यायाची उत्तरं पाठ करून मुलं चांगले गुण मिळवतात, पण फळ्यावरची साधी सूचना वाचून त्यांना कळत नाही. उलट एक मुलगा गोष्ट फार सुंदर सांगतो आणि पेपर जवळजवळ कोरा देतो. मुलांना भाषा किती येते हे खरंच कळेल, अशी चाचणी कशी काढू?

उत्तर : तुमच्या कोऱ्या पेपरवाल्या मुलापासूनच सुरुवात करते, कारण तसाच एक माझ्या वर्गात होता. निफाडकडचा, द्राक्षबागायतदाराच्या घरातला. निबंधात जेमतेम दोन ओळी. एकदा मधल्या सुट्टीत त्याने मला ऑक्टोबरची गोडी छाटणी, म्हणजे द्राक्षवेलीची फळासाठीची छाटणी, समजावून सांगितली. कोणती काडी ठेवायची, किती डोळ्यांवर (म्हणजे काडीवरच्या कोंबांवर) छाटायची, मग डोळ्यांना पेस्ट कधी लावायची, उशीर झाला तर काय होतं. ‘आधी’, ‘मग’, ‘नाहीतर’, ‘म्हणून’ सगळं जागच्या जागी. क्रम एकदाही चुकला नाही. त्या वर्षी त्याच्या प्रगतिपुस्तकात मराठीपुढे मी ‘सुधारणा आवश्यक’ असं लिहिलं होतं. सुधारणा लेखनात हवी होती आणि शिक्का मी त्याच्या सगळ्या भाषेवर मारला. ते मला आजही टोचतं.

म्हणून पहिलं काम हे : प्रत्येक प्रश्नासमोर पेन्सिलीने लिहा, हा प्रश्न नक्की काय तपासतो? ऐकणं, बोलणं, वाचणं की लिहिणं? धड्यातलाच उतारा दिलात तर वाचन तपासलं जात नाही, पाठांतर तपासलं जातं. उतारा न पाहिलेला हवा, पण जग ओळखीचं हवं. मी असा एक फलक स्वतः तयार केला होता : ‘यात्रेमुळे शुक्रवारी पेठ नाक्यावरून सुटणारी सकाळची गाडी निमाणी स्थानकावरून सुटेल. परतीच्या गाडीत बदल नाही.’ आता ‘गाडी कोठून सुटेल?’ असं विचारलं तर मूल शब्दाशेजारचा शब्द उचलून लिहितं. त्याऐवजी विचारा : ‘शुक्रवारी सकाळी सखू पेठ नाक्यावर गाडीची वाट पाहत उभी आहे. तिला काय सांगाल?’ वाचलेलं समजलं असेल तरच याचं उत्तर देता येतं. मुलाने ‘निमानीला जा’ असं लिहिलं तरी पूर्ण गुण द्या. इथे आपण वाचन तपासतोय, ‘ण’ आणि ‘न’ नाही. ते तपासायला वेगळा प्रश्न ठेवा.

ओळखीच्या विषयात एक धोकाही असतो. कांद्यावरचा उतारा दिला आणि ‘कांद्याची मोठी बाजारपेठ कोणती?’ असं विचारलं, तर मूल न वाचताच ‘लासलगाव’ लिहील. पेपर काढल्यावर उतारा झाकून नुसते प्रश्न सहकाऱ्याला सोडवायला द्या. जे सुटतील ते काढून टाका. दहा मिनिटांचं काम आहे, पण मी तरी याशिवाय पेपर काढत नसे.

गाळलेल्या जागांचं एक तंत्र अमेरिकेत विल्सन टेलर या अभ्यासकाने १९५३ मध्ये मांडलं. सलग उताऱ्यातला ठरावीक अंतराने एक शब्द, समजा दर सातवा, काढून टाकायचा आणि मुलांनी तो संदर्भाने भरायचा. मराठीत ते वापरताना एक मेख आहे. आपले प्रत्यय शब्दाला चिकटतात. ‘पोस्टमनने आजीच्या ____ पत्र ठेवलं’ इथे ‘हातात’, ‘हातावर’, ‘पिशवीत’ सगळी उत्तरं बरोबर. पण मुलाने नुसतं ‘हात’ लिहिलं, तर अर्थ त्याला कळलाय, प्रत्यय निसटलाय. मी त्याला अर्धा गुण देत असे आणि वहीत त्याच्या नावापुढे ‘प्रत्यय’ असं टिपून ठेवत असे. अर्धा गुण द्यायचा की नाही, हे मात्र तपासायला बसण्याआधी ठरवा. विसाव्या पेपराला मत बदललं की पहिल्या एकोणीस मुलांवर अन्याय होतो.

ऐकण्याची चाचणी सोपी असते. छोटी सूचना दोनदा वाचा, प्रश्न आधीच हातात द्या, उत्तर खुणेने किंवा एका शब्दात घ्या. लांब उत्तर मागितलं की पुन्हा लेखनच मोजलं जातं.

४८ मुलांचं बोलणं कसं ऐकायचं, ही तुमची अडचण मी ओळखते. रोज तासाच्या सुरुवातीला चौघे, प्रत्येकी दोन मिनिटं. बारा दिवसांत वर्ग होतो. विषय ‘माझा आवडता सण’ नको, तो पाठ असतो. घरचं एखादं काम कसं करतात ते सांगायला लावा. पाच गुण असे : क्रमाला दोन, ऐकणाऱ्याला कळलं का याला दोन, नेमक्या शब्दांना एक. कोकणा बोलीतला शब्द आला म्हणून गुण कापू नका. तो इतरांना कळला नाही, तर त्याने दुसऱ्या शब्दांत समजावलं का, हे पाहा. ते जमणं ही फार मोठी भाषिक ताकद आहे. आकारिक मूल्यमापनात, म्हणजे वर्षभर वर्गात चालणाऱ्या मूल्यमापनात, तोंडी कामाला जागा आहेच, ती पूर्ण वापरा.

तपासताना सगळ्यांचा पहिला प्रश्न आधी, मग सगळ्यांचा दुसरा. नावं झाकून. हुशार म्हणून ठरलेल्या मुलीचं अक्षर दिसलं की आपला हात नकळत सैल होतो.

प्रश्न : बाई, मी नाशिकरोडला राहतो. पाचवीतल्या मुलीला श्रुतलेखनात दहापैकी चारच गुण मिळतात. रोज वीस अवघड शब्द लिहून घेतो, फरक पडत नाही. काय करू?

उत्तर : वीस सुटे शब्द थांबवा, दादा. तिच्या चुका एका पानावर मांडा, बहुतेक एकाच जातीच्या निघतील. ‘विहीर’ पण ‘विहिरीत’, ‘फूल’ पण ‘फुलाला’, ‘गरीब’ पण ‘गरिबाला’ : प्रत्यय लागला की मूळ शब्दातल्या शेवटून दुसऱ्या अक्षराची दीर्घ वेलांटी किंवा दीर्घ उकार ऱ्हस्व होतो. ‘शरीर – शरीरात’ हे मात्र संस्कृतातून जसंच्या तसं आलेलं, म्हणून दीर्घच राहतं. आठवडाभर हा एकच नियम घ्या आणि पूर्ण वाक्यं सांगा : ‘विहिरीत फूल पडलं’, ‘फुलाला वास नाही’. गुण फक्त त्या शब्दांना द्या, बाकीच्या चुकांवर लाल पेन फिरवू नका. पंधरा दिवसांनी तिच्या वहीचं एक पान मला पाठवा, पुढचा नियम कोणता घ्यायचा ते पाहून सांगते.