वान्जिकू कितवी?

प्रश्न : केनिया १९६३ साली स्वतंत्र झाला आणि पुढे तिथली लोकसंख्या भराभर वाढली, असं वाचलं. नव्या सरकारनं दुर्लक्ष केलं म्हणून का? तुम्ही तिथे शिकवत होता, म्हणून विचारतो. – एक वाचक, मिरज

उत्तर : सरकारच्या माथी हे मारू नका. सहाराच्या दक्षिणेला सरकारी कुटुंबनियोजन सगळ्यांत आधी केनियानंच सुरू केलं, १९६७ साली. तरी १९६२च्या जनगणनेत ८६ लाख असलेली माणसं १९७९ला १ कोटी ५३ लाख झाली. तेव्हा वाढीचा वेग वर्षाला ३.८ टक्के धरला जाई. म्हणजे अठरा-एकोणीस वर्षांत दुप्पट. आपण इकडे सव्वादोन टक्क्यांनीच धास्तावून भिंतीभिंतीवर लाल त्रिकोण रंगवत होतो!

खरं कारण म्हणजे पाळणे पूर्वीइतकेच हलत होते, पण तान्ह्या मुलांची मरणं कमी झाली होती. लस आली, दवाखाने जवळ आले. ही सुरुवात इंग्रजांच्या काळातच झाली होती. स्वातंत्र्यानंतर तिनं जोर धरला. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस बाईमागे सरासरी आठ मुलं होती.

आठ कशाला, हे मला थिका या गावी गणित शिकवताना उमगलं. माझ्या एकाच वर्गाच्या हजेरीपटावर वान्जिकू नावाच्या चार मुली आणि कामाऊ नावाचे तीन मुलगे. तिथल्या किकुयू जमातीत पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं. मुलींना तशीच दोन्ही आज्यांची. म्हणजे दोन्हीकडचे आजी-आजोबा घरात परत यायचे तर दोन मुलगे आणि दोन मुली हव्यातच. ओळीनं मुलीच झाल्या की मुलगे होण्याआधी थांबायचं कसं?

शेजारच्या बाईंना मी एकदा सहज विचारलं, ‘मुलं किती?’ त्या मक्याची कणसं सोलत होत्या. आकडा सांगितलाच नाही. मुलं मोजू नयेत म्हणे, दृष्ट लागल्यासारखं होतं. एकेक नाव घेत गेल्या, मी मनात बोटं दुमडत गेले. सात झाली. मग आणखी दोन नावं आली, हळू आवाजात. ती दोघं गोवरानं गेलेली. ज्या बाईनं दोन पुरलीत, तिला ‘दोनच पुरेत’ हे पोस्टर काय सांगणार? (तशी पोस्टरं तिथल्या दवाखान्यातही होती.)

शिवाय शांबा, म्हणजे शेताचा तुकडा, राबायला हात मागतो. १९७४ला पहिल्या चार इयत्तांची फी माफ झाली, तेव्हा शाळेचा खर्चही हलका वाटू लागला. पुढे मात्र शांब्याच्या वाटण्या होत गेल्या, माध्यमिक शाळेची फी टोचू लागली, मुली जास्त शिकल्या. २०२२च्या पाहणीत बाईमागे मुलं ३.४ वर आली.

त्या चार वान्जिकूंपैकी एक अजून फोन करते. तिच्या लेकीला दोन मुलीच आहेत. दोन्ही आज्यांची नावं ठेवून झाली, आजोबा दोघेही खोळंबलेत. व्याही-व्याह्यांत त्यावरून अजून धुसफूस चालते म्हणे.