बाटलीतली स्ट्राँग बिअर पिणाऱ्याला इंदूरचा नवा क्राफ्ट बिअर बार आवडेल का?

आपण विचारले आहे की, पलासियाजवळ नव्याने सुरू झालेल्या क्राफ्ट बिअरच्या बारमध्ये कोणी जाऊन आले आहे का आणि आजवर केवळ बाटलीतली स्ट्राँग बिअर पिणाऱ्या आपल्या थोरल्या भावाला तिथे नेण्यात काही अर्थ आहे का. मी गेल्या पंधरवड्यात दोनदा गेलो: पहिल्यांदा मेहुण्याबरोबर शनिवारी रात्री, आणि त्या गोंगाटात चव नीट कळलीच नाही म्हणून पुन्हा एकट्यानेच मंगळवारी संध्याकाळी. पुढे लिहिले आहे ते बहुतेक त्या मंगळवारचे आहे.

बिअर तिथेच, काचेपलीकडच्या स्टीलच्या टाक्यांत तयार होते. ती गाळलेली किंवा पाश्चराइझ केलेली नसते, त्यामुळे ग्लासात थोडी गढूळ दिसते. आपल्या बंधूंनी तो दोष समजू नये. ताजेपणा हीच तिची मिळकत आहे आणि चार बिअरपैकी गव्हाच्या बिअरमध्ये, म्हणजे हेफेवायझनमध्ये, तो सर्वांत चांगला उतरला आहे. पहिल्याच घोटाला पिकलेल्या केळ्याचा आणि मागाहून लवंगेचा वास येतो. मेहुण्याने इसेन्स घातल्याचा आरोप करून बिअर देणाऱ्या मुलाशी हुज्जत घातली, पण मुलाचे म्हणणे बरोबर होते: हे दोन्ही वास त्या जातीचे यीस्ट आंबवताना स्वतःच तयार करते. जर्मन रिवाजाप्रमाणे या बिअरमध्ये निम्म्याहून अधिक माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य) गव्हाचा असतो. तो कुठून येतो असे विचारले, तेव्हा जर्मनीहून, असे उत्तर मिळाले. गव्हाच्या माळव्यात बसून हे ऐकताना जरा गंमत वाटली.

दुसरी बेल्जियन पद्धतीची, धने आणि संत्र्याची साल घातलेली विटबिअर. ही जात जवळजवळ नामशेष झाली होती आणि १९६०च्या दशकात पिएर सेलिस नावाच्या दूधवाल्याने आपल्या होगार्डन या गावी तिचे पुनरुज्जीवन केले. धने नाकाला जेमतेम जाणवावेत अशी अपेक्षा असते. येथे मात्र मसाल्याचा डबा उघडल्यासारखे वाटले. मी अर्धा ग्लास सोडला.

तिसरी आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल ही कडवट बिअर. तिच्याबद्दल विशेष सांगण्यासारखे नाही. हॉप्स, म्हणजे बिअरमध्ये घालतात ती एका वेलीची फुले, उकळीच्या सुरुवातीला घातले की कडवटपणा येतो आणि शेवटी घातले की सुगंध. येथे पहिले काम झाले आहे, दुसरे राहून गेले आहे. कारल्याचा रस आवडणाऱ्यांनी अवश्य घ्यावी.

चौथ्या, स्टाउट नावाच्या काळ्या बिअरने मात्र मला चकवले. फ्रीझरमधून काढलेल्या, बर्फाची साय धरलेल्या ग्लासात ती आली आणि तिला कशाचीच चव नव्हती. रागावून बाजूला ठेवली, दहा-पंधरा मिनिटांनी सहज उचलली, तर भाजलेल्या सातूमुळे येणारा कॉफीसारखा दरवळ सुटला होता. अति थंडीने वास दबतो, एवढे साधे कारण. तरीही या बारमध्ये सरसकट सगळ्या बिअर अशाच ग्लासांत देतात आणि ही माझी मुख्य तक्रार आहे. साधा ग्लास मागितल्यावर तो विनातक्रार मिळाला, म्हणून आपणही मागून घ्यावा.

आता आपल्या बंधूंविषयी. आपल्याकडे बाटलीतल्या स्ट्राँग बिअरमध्ये मद्यार्काचे प्रमाण ८ टक्क्यांपर्यंत असू शकते, तर येथील गव्हाची बिअर पाचच्या आसपास आहे. त्यामुळे ‘चढत का नाही?’ हा प्रश्न दुसऱ्या ग्लासानंतर येणारच. शिवाय २०२३च्या एप्रिलपासून राज्यातले अहाते, म्हणजे दारूच्या दुकानांना जोडलेल्या बसून पिण्याच्या जागा, बंद झाले. दुकानाशेजारी बसून स्वस्तात पिण्याची ज्यांना सवय होती, त्यांना येथील बिल डोळ्यांत भरेल. आपले बंधू चढण्यासाठीच पीत असतील, तर त्यांना नेऊ नये, असे मी स्पष्टच सांगतो. चवीचे कुतूहल असेल, तर जरूर न्यावे. आपण स्वतः धाकटे आहात, तेव्हा मध्य प्रदेशात मद्यपानासाठी वयाची २१ वर्षे पूर्ण लागतात हेही ध्यानात असू द्यावे. दारावर ओळखपत्र पाहतात.

शनिवार टाळावा. चार लहान ग्लासांचा जो ट्रे मिळतो, तो सुरुवातीला मागवू नये, कारण आयपीएचा कडवटपणा एकदा जिभेवर बसला की पुढचे काही कळत नाही. पहिला ग्लास हेफेवायझनचा, साध्या ग्लासात घ्यावा आणि चकण्याला लवंगी शेवेऐवजी खारे शेंगदाणे मागवावेत. तिखट शेवेपुढे त्या बिअरमधले केळे टिकत नाही, याचा अनुभव मी दोन्ही वेळा घेतला.