एमबीएला सायकॉलॉजी शिकवते, मग हे लहान पोरांचं काम कशाला?

ओळख पटेल असं काही लिहीत नाही. खानापूरकडचे एक काका मुलीला घेऊन माझ्याकडे सल्ल्याला आले होते. मुलगी सायकॉलॉजीत एमए, नेट पास, बेळगावात एमबीए कॉलेजला ऑर्गनायझेशनल बिहेवियर (कामाच्या ठिकाणी माणसं कशी वागतात) शिकवते आणि सुट्टीला मराठी शाळांत जाऊन गुड टच बॅड टचचे सेशन घेते. काका म्हणाले, "असली कामं करून पोरीचं नाव खराब हुतंय की ओ मॅडम, लग्नाला कोण विचारणार, आणि करिअर म्हणाल तर एक ना धड भाराभर चिंध्या."

बरेच पालक हे विचारतात, काळजी खरीच असते. पण ही दोन वेगळी कामं आहेत हेच मला पटत नाही.

तिला विचारलं, सध्या वर्गात काय चाललंय? तर मिलग्रॅम या मानसशास्त्रज्ञाचा प्रयोग. १९६३ साली छापून आलेला, ४० पैकी २६ माणसं प्रयोग घेणारा सांगतोय म्हणून समोरच्याला ४५० व्होल्टपर्यंत शॉक देत गेली (शॉक खोटे होते, त्यांना माहीत नव्हतं). मग काकांना विचारलं, शाळेत एखाद्या सरांबद्दल पोर काही बोललं तर बाकीचे गप्प का बसतात हो? "वरच्याला कोण बोलणार," काका लगेच म्हणाले. तर तुमची पोर हेच शिकवते, कॉलेजात मॅनेजर होणाऱ्यांना आणि शाळेत बाईंना.

आणि गप्प बसून चालत नाही, २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) कलम १९ प्रमाणे माहिती असेल तर कळवावंच लागतं. त्याच कलमात आहे की पोराला न कळणाऱ्या भाषेत नोंद होत असेल तर दुभाषी द्यायचा. आपल्याकडे पोर मराठीत सांगणार, स्टेशनात कन्नडमध्ये लिहिणार, अशा वेळी दोन्ही भाषा येणारं आणि पोराच्या मनाचं शिक्षण घेतलेलं माणूस किती लागतं ते मी रोज बघते.

तिला एक गोष्ट मात्र ठासून सांगितली, सेशन घे, पण थेरपी करू नकोस, त्याला आरसीआयचं (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया) रजिस्ट्रेशन असलेले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहेत, त्यांच्याकडे पाठव. पोराने काही सांगितलं तर खोदून विचारायचं नाही, १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनला किंवा पोलिसांना कळवायचं.

कॉलेजची लेखी परवानगी तिने घेतलीय, पीएचडीला शाळेतला स्टाफ तक्रार का दाबतो हाच विषय घ्यायचा म्हणते. लग्नाचं काकांच्या डोक्यातनं अजून गेलेलं नाही, त्यावर पुढच्या वेळी बोलायचं ठरलंय, आईलाही बोलावलंय.