नकार सोपा ठेव

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज दोनदा वाचला. आपल्या श्रद्धेबद्दल ऑनलाइन ग्रुपमध्ये बोलावं असं तुला मनापासून वाटतं, आणि बोललास की लोक अंगावर येतात, ॲडमिन पोस्ट उडवतात, याचा तुला राग आलाय. मी अशा काही ग्रुपची बरीच वर्षं ॲडमिन आहे आणि स्वतः श्रद्धाळूही आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंची चिडचिड मला ठाऊक आहे. तुझा धर्म कोणता, पंथ कोणता, हे इथे मुद्दाम लिहीत नाही. माझाही लिहीत नाही. पुढे जे सांगणार आहे ते कुणालाही लागू पडतं. देव नाहीच हे पटवून द्यायला हिरिरीने उतरणाऱ्यांनाही पडतं. त्यांच्याही पोस्टी मी काही कमी उडवलेल्या नाहीत.

आधी तुझ्या मनातली एक बोच काढून टाकते. प्रचार करणं हा अपराध नाही. १९४८ च्या मानवी हक्कांच्या वैश्विक जाहीरनाम्यातलं १८ वं कलम धर्म बदलण्याचं स्वातंत्र्य देतं आणि आपला धर्म उघडपणे आचरण्याचं, शिकवण्याचंही देतं. ग्रीसमध्ये कोक्किनाकिस नावाच्या माणसाला, तो 'यहोवाचे साक्षीदार' या घरोघरी प्रचार करणाऱ्या ख्रिस्ती पंथाचा, एका बाईंच्या घरी जाऊन धर्माविषयी बोलल्याबद्दल शिक्षा झाली होती. १९९३ मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने निकाल त्याच्या बाजूने दिला. श्रद्धेची साक्ष देणं वेगळं आणि गैरमार्गाने गळ घालणं वेगळं, असं न्यायालयाने म्हटलं. तेव्हा 'तुमचा देव तुमच्या घरात ठेवा' असं कुणी खेकसलं तर ओशाळं व्हायचं कारण नाही.

माझी कसोटी एकच आहे. समोरच्याला 'नको' म्हणता येतंय का, आणि तसं म्हटल्यावर त्याचं काही बिघडतंय का? एखादी पोस्ट ठेवायची की काढायची हे मी याच्यावरच ठरवते. तिच्यात देवाचं नाव आहे की नाही, याने मला फरक पडत नाही.

१९९४ च्या जानेवारीत यूजनेटवरच्या, म्हणजे इंटरनेटवरच्या जुन्या चर्चागटांच्या जाळ्यातल्या, जवळपास प्रत्येक गटात एकच संदेश येऊन पडला: सर्वांसाठी इशारा, येशू लवकरच येत आहे. कुणी प्रोग्रॅमिंगबद्दल वाचायला आलेलं, कुणी संगीताबद्दल, आणि ज्या गटात जावं तिथे पुन्हा तोच मजकूर. पाठवणाऱ्याच्या तळमळीबद्दल मला शंका नाही. जगाचा शेवट जवळ आलाय असं ज्याला खरोखर वाटतं तो गप्प कसा बसेल? पण वाचणाऱ्याला त्यातून बाजूला होण्याची सोयच ठेवली नव्हती. आज त्या संदेशाची आठवण निघते ती स्पॅमच्या इतिहासात, यूजनेटवरच्या पहिल्या मोठ्या स्पॅमपैकी एक म्हणून. तू एकच मजकूर नऊ ग्रुपमध्ये टाकतोस तेव्हा करतोस ते हेच, फक्त लहान प्रमाणावर. ज्या ग्रुपमध्ये लोक दुसऱ्याच कामासाठी जमलेत तिथे आधी त्या कामाचा माणूस हो. आणि तेही प्रचाराची पूर्वतयारी म्हणून होऊ नकोस, लोकांना ते लगेच कळतं. झाडांच्या ग्रुपमध्ये झाडांबद्दलच बोलावं. ते करवत नसेल तर तो ग्रुप तुझा नाही.

आता इनबॉक्स. यावर मी सविस्तर लिहिणार आहे, कारण सगळ्यात जास्त माणसं इथेच दुखावली जातात आणि बाहेर कुणाला पत्ताही लागत नाही.

आजारी माणसाची काळजी घेणाऱ्यांचा एक ग्रुप आहे असं समज. रात्री दोन वाजता एक बाई लिहिते: 'आज स्कॅनचा रिपोर्ट आला. पसरलंय. आईला अजून सांगितलेलं नाही.' खाली दोन-चार जण 'इथेच आहोत' म्हणतात. आणि दहा-पंधरा मिनिटांत तिच्या इनबॉक्समध्ये अनोळखी नावाने मेसेज येतो: 'ताई, तुमची पोस्ट वाचून डोळ्यांत पाणी आलं. माझ्या मावशीचंही असंच होतं, डॉक्टरांनी हात टेकले होते. मग आम्हाला मार्ग सापडला. उद्या संध्याकाळी सातला ऑनलाइन प्रार्थना आहे, लिंक पाठवू का? फक्त पाच मिनिटं.'

यात खोटं काही नसेलही. मावशी खरी असेल, डोळ्यांतलं पाणीही खरं असेल. तरी तो मेसेज त्या बाईच्या जागी बसून वाच. पहिल्या वाक्याने तिच्यावर उपकार चढवलेत. दुसऱ्याने आशा लावलीय, आई बरी होईल असं स्पष्ट न म्हणता. आणि शेवटची पाच मिनिटं अशी मागितलीत की ती नाकारणारी माणूस म्हणून कोती ठरावी. ती 'नको' कसं म्हणणार? म्हणाली तर आईसाठी एक उपाय आपण करून पाहिला नाही, ही टोचणी तिला जन्मभर लागेल. म्हणून ती उत्तरच देत नाही. मग 'ताई, वाचलंत का?' येतं, मग हात जोडलेले इमोजी येतात. असे स्क्रीनशॉट मला लोकांनी पाठवलेत. पाठवणारी माणसं पुढे ग्रुपमध्ये मोकळेपणाने लिहीत नाहीत. दुःख मांडलं की पाठोपाठ कुणीतरी येतं, हे त्यांना कळलेलं असतं.

हे मी ॲडमिन म्हणून बोलतेय असं वाटत असेल तर ज्यांचं आयुष्य प्रचारात गेलंय त्यांचं ऐक. २०११ मध्ये वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस, व्हॅटिकनची आंतरधर्मीय संवादाची परिषद आणि वर्ल्ड इव्हँजेलिकल अलायन्स या तीन ख्रिस्ती संस्थांनी मिळून धर्मप्रचारात कसं वागावं यावर एक दस्तऐवज काढला. एरवी या तिघांचं किती गोष्टींवर जमतं ते सोड. त्यात त्यांनी स्पष्ट लिहिलंय, की बरं करण्याच्या सेवेत माणसाच्या हतबलतेचा आणि बरं होण्याच्या गरजेचा गैरफायदा घेतला जाता कामा नये. फसवणूक आणि आमिषं त्यांनी सरळ नाकारलीत. प्रचार सोडा असं मात्र कुठेही म्हटलेलं नाही, उलट प्रचार हे आपलं कर्तव्यच मानलंय.

मग त्या बाईच्या पोस्टवर काय करायचं? सगळ्यांसमोर, खाली कॉमेंटमध्ये, दोन उपयोगाचे शब्द लिही. आईला सांगताना कुणाला सोबत घेता येईल, रिपोर्ट दाखवताना डॉक्टरांना काय विचारावं, जे ठाऊक असेल ते. ठाऊक नसेल तर 'वाचलं, सोबत आहे' एवढं पुरे. प्रार्थना करायची असेल तर कर, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. पण केली हे तिला कळवू नकोस. तिने स्वतःहून देवाचं नाव काढलं तर गोष्ट वेगळी. आणि इनबॉक्समध्ये पहिलं पाऊल तू टाकायचंच नाही. चारचौघांत लिहायला लाज वाटेल असं काहीही तिथे गुपचूप लिहायचं नाही.

आपण कोण ते पहिल्या बोलण्यातच सांगावं. प्रोफाइलमध्ये लिहिलेलं असावं, लपवलेलं नसावं. 'ताणतणावावर मोफत वर्ग' अशी जाहिरात द्यायची, आणि संस्थेचं नाव पाचव्या बैठकीत, ओळखी झाल्यावर, हळूच काढायचं, हा प्रकार मला अगदी नापसंत आहे. तोवर त्या माणसाचे तिथे चार मित्र झालेले असतात, कुणी त्याचं दुःख ऐकून घेतलेलं असतं. आता 'नको' म्हणायचं तर हे सगळं सोडावं लागतं. पहिल्या दिवशी नाव कळलं असतं तर त्याने नुसतं पान बंद केलं असतं.

तू विद्यार्थ्यांच्या एका अभ्यासगटाचा मॉडरेटर होणार आहेस असं लिहिलंयस. चांगलं आहे, हो. पण त्या गटात प्रचार आजपासून बंद. ग्रीसच्याच हवाई दलातल्या तीन अधिकाऱ्यांचा खटला १९९८ मध्ये त्याच युरोपीय न्यायालयापुढे आला होता. ते पेंटेकोस्टल या ख्रिस्ती पंथाचे होते, आणि त्यांनी हाताखालच्या सैनिकांनाही धर्माविषयी सांगितलं होतं आणि बाहेरच्या नागरिकांनाही. नागरिकांच्या बाबतीत न्यायालयाने शिक्षा चुकीची ठरवली, सैनिकांच्या बाबतीत मात्र कायम ठेवली. नागरिक ऐकून निघून जाऊ शकत होता; साहेब बोलायला लागल्यावर शिपाई कुठे जाणार? ज्याच्या हातात पोस्ट मंजूर करणं, माणूस काढणं, कुणाला कुठलं काम द्यायचं ते ठरवणं आहे, तो ऑनलाइन साहेबच. तुला स्वतःला तसं वाटत नसेल, पण समोरच्या पोराला वाटतं.

त्या यादीबद्दल. तुमच्या मंडळाने तुला एक शीट दिलीय, त्यात लोकांची नावं आणि पुढे 'नुकताच घटस्फोट', 'नोकरी गेली', 'पुन्हा संपर्क करणे' असे शेरे आहेत, हे वाचून माझ्या अंगावर काटा आला. फिनलंडमध्ये घरोघरी जाणारे यहोवाचे साक्षीदार अशाच नोंदी ठेवत होते: नाव, पत्ता, श्रद्धा, घरची परिस्थिती. ज्यांच्या नोंदी होत्या त्यांना ते माहीतही नव्हतं. १० जुलै २०१८ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने सांगितलं, की या नोंदींना माहिती-संरक्षणाचे नियम लागू होतात आणि जबाबदारी प्रचारकाबरोबर त्या समुदायावरही येते. त्या नोंदी समोरासमोरच्या भेटींच्या होत्या. तुझी शीट तर लोकांनी आपसात लिहिलेल्या पोस्टींमधून उचललेली आहे. ती पुसून टाक आणि पुसली असं मंडळाला कळव. ठेवायचीच असेल तर एकच यादी ठेव, ज्यांनी 'मला पुन्हा विचारू नका' असं सांगितलंय त्यांची. त्यात कारण, शेरा, काहीही नको.

इतकं सगळं वाचून बोलायचं तरी कधी, असं तू म्हणशील. कुणी विचारलं की बोल, आणि तेव्हा हात आखडू नकोस. बायबलमधल्या पीटरच्या पहिल्या पत्रात सांगितलंय, की तुमच्या आशेचं कारण जो विचारील त्याला उत्तर द्यायला नेहमी तयार असा, पण सौम्यपणे आणि आदराने. विचारणारा यातच आला. आपलं काय बदललं ते आपल्या शब्दांत सांग. ग्रंथातली वचनं एकामागून एक चिकटवू नकोस. जो तो ग्रंथ मानत नाही त्याच्यासाठी तो पुरावा नाही, नुसता मजकूर आहे. दुसऱ्याच्या दैवताची टर उडवून स्वतःचं मोठं करण्याचा मोह तर सगळ्याच पंथांच्या पोरांना होतो. अशोकाने बाराव्या शिलालेखात लिहून ठेवलंय, की भक्तीच्या भरात आपल्या संप्रदायाची स्तुती आणि दुसऱ्याची निंदा करणारा आपल्याच संप्रदायाला जास्त इजा करतो. कुराणात सहाव्या सूरतली १०८ वी आयत इतरांच्या आराध्यांना शिव्या देऊ नका म्हणते, आणि कारणही अगदी व्यवहारी देते: उलट तेही अल्लाहला शिव्या देतील. कुठलाही कॉमेंट सेक्शन उघडून बघ.

आणि कधीतरी कुणीतरी खरोखरच म्हणेल, 'मला यायचंय.' तेव्हा हुरळून जाऊ नकोस. मज्झिम निकाय या बौद्ध ग्रंथात उपाली गृहपतीची कथा आहे. तो निगंठ नातपुत्तांचा, म्हणजे महावीरांचा, मोठा उपासक. बुद्धाला वादात हरवायला गेला आणि तिथेच त्याचं मन पालटलं. तो शरण येतो म्हणाला तेव्हा बुद्धाने त्याला आधी नीट पारखून घ्यायला सांगितलं. वर म्हणाला, तुझं घर निगंठांना, म्हणजे जैन साधूंना, इतकी वर्षं आधार देत आलंय, ते दारी आले तर त्यांना भिक्षा देत राहा. एवढा नावाजलेला माणूस आपल्याकडे येतोय म्हणून डंका वाजवला नाही. त्या २०११ च्या दस्तऐवजातही धर्म बदलण्याआधी विचाराला आणि तयारीला पुरेसा वेळ मिळाला पाहिजे असं म्हटलंय. तुमच्या मंडळात महिनाअखेरीस आकडा मागतात ना? त्या दडपणाखाली असा वेळ कुणी देत नाही. आकडा द्यायचा नाही असं तू ठरवलंस तर तिथे तुझं वजन कमी होईल, हे मला दिसतंय. तरी देऊ नकोस. 'घरी बोल, दोन महिन्यांनी पुन्हा बोलू' असं त्या माणसाला सांग, आणि मधल्या काळात त्याला आठवणीचे मेसेज पाठवू नकोस.

तुझा शेवटचा प्रश्न: एका ग्रुपमधून काढून टाकलं तर दुसऱ्या अकाउंटने परत यावं का? नाही. ॲडमिनला एकदाच, सभ्य भाषेत, कारण विचार. उत्तर आलं नाही तर तेच उत्तर समज. आणि त्या ग्रुपमधल्या लोकांना बाहेरून एकेकटं गाठू नकोस. त्यांना तू हवा असशील तर तुझं प्रोफाइल उघडंच आहे.

बाकी क्षेम. उत्तर सवडीने लिही.

कळावे, लोभ असावा.