८ किलोवॅट, ५ किलोवॅट की ३?

प्रश्न: आम्ही बडोद्यात दांडिया बाजाराजवळ स्वतःच्या घरात राहतो. एप्रिल-मेच्या वीजबिलावर वापर ९६० युनिट आणि मंजूर भार ५ किलोवॅट असे छापले आहे. गच्चीवर सौर पॅनेल बसवण्यासाठी आलेल्या विक्रेत्याने ९६० ला ३० ने भागून रोजचे ३२ युनिट धरले आणि ८ किलोवॅटची यंत्रणा सुचवली. आमचे इलेक्ट्रिशियन म्हणतात, भार ५ आहे, तेव्हा पॅनेलही ५ किलोवॅटचेच हवे. आम्ही कोणाचे ऐकावे?
— एक वाचक, बडोदे

उत्तर: दोघांचेही हिशेब चुकले आहेत आणि त्यात आपले लाखभर रुपये अडकू शकतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

किलोवॅट म्हणजे एखादे उपकरण त्या क्षणी किती जोराने वीज ओढते याचे माप, तर युनिट म्हणजे तो जोर जितके तास चालला त्याचा एकूण हिशेब. एक किलोवॅट एक तास चालले की एक युनिट होते. २ किलोवॅटचा गीझर अर्ध्या तासात जेवढी वीज खातो तेवढीच, म्हणजे एक युनिट, १० वॅटचा दिवा शंभर तासांत खातो. हे आपल्या मीटरवरच पाहता येते. मीटरवरचा लाल ठिपका लुकलुकतो आणि एका युनिटला तो किती वेळा लुकलुकणार हे शेजारीच छापलेले असते. अनेक मीटरांवर हा आकडा ३२०० असतो. अशा मीटरवर घरातले सगळे बंद करून केवळ गीझर लावला, तर ठिपका सेकंदाला जवळजवळ दोनदा चमकतो आणि केवळ तो दिवा ठेवला, तर पुढच्या चमकेसाठी सुमारे दोन मिनिटे उभे राहावे लागते. एकदा मुलांना घेऊन हे अवश्य करून पाहा.

मंजूर भार हा जोराचा आकडा आहे. एसी, गीझर, इस्त्री एकदम चालली तर किती वीज ओढता येईल, एवढेच तो सांगतो. महिन्याला किती युनिट खर्च होतात हे त्यातून कळत नाही. इलेक्ट्रिशियनची गल्लत येथे झाली.

विक्रेत्याची चूक अधिक महागात पडणारी आहे. आपल्याकडे घरगुती बिल दोन महिन्यांनी येते, त्यामुळे ९६० ला ६० ने भागायला हवे. रोजचे १६ युनिट होतात, ३२ नव्हे. तेही ऐन उन्हाळ्यातले, एसी चालू असतानाचे. म्हणून एकाच बिलावर न जाता वर्षाच्या सहाही बिलांतील युनिटांची बेरीज करा. समजा ती ४३८० आली, तर रोजची सरासरी १२ युनिट झाली. एक किलोवॅटचे पॅनेल वर्षभराच्या सरासरीने दिवसाला साधारण ४ युनिट देते, तेव्हा ३ किलोवॅट पुरेत आणि त्यासाठी सुमारे ३०० चौरस फूट विनासावलीची गच्ची लागेल. पाण्याच्या टाकीची सावली सकाळी व दुपारी कुठवर जाते, हे आधी पाहून ठेवा.

पॅनेलवर छापलेले वॅट हे प्रयोगशाळेतल्या प्रखर प्रकाशात आणि २५ अंश तापमानात मोजलेले असतात. बडोद्याच्या मे महिन्यात पॅनेल स्वतः ६० अंशांपर्यंत तापते आणि प्रत्येक अंशामागे सुमारे ०.३५ टक्के वीज घटते, म्हणजे १२ टक्क्यांच्या आसपास तूट केवळ उष्णतेमुळे येते. पावसाळ्यात ढगांमुळे उत्पादन त्याहून खाली जाते. चारचा आकडा हे सगळे धरूनच आहे.

केंद्राच्या २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेत २ किलोवॅटला ६० हजार आणि ३ किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान आहे. त्यापुढे क्षमता वाढवली तरी ते वाढत नाही. शिवाय गरजेपेक्षा जास्त तयार होऊन उरलेल्या युनिटांना मिळणारा दर आपण वीज घेतो त्या दरापेक्षा कमी असतो, त्यामुळे ८ किलोवॅटचा मोठा भाग आपल्या घराच्या उपयोगाचा नाही.

विक्रेत्याला आणखी एक गोष्ट विचारा: यंत्रणेत बॅटरी आहे का? नसेल, तर रस्त्यावरची वीज गेली की भर उन्हातही पॅनेलची वीज बंद होईल. तारेवर काम करणाऱ्या माणसाला झटका बसू नये म्हणून इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारे यंत्र, स्वतःच थांबतो. बॅटरी हवीच असेल, तर १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासाच्या बॅटरीत कागदोपत्री १.८ युनिटच मावतात, हे लक्षात घेऊन किती तास पंखे-दिवे चालवायचे ते ठरवा.