सांगलीत आमच्या क्लबसाठी दर महिन्याला पक्षी आणि इथल्या निसर्गावर व्याख्यान ठेवायचं आहे. विषय आणि वक्ते कसे निवडावेत?

विश्रामबागेत छोटा क्लब, निम्मे सभासद निवृत्त, काही जण नातवंडांना घेऊन येणारे, महिन्यातून एकदा संध्याकाळी तासभर कार्यक्रम, आणि लोक टिकतील का ही धास्ती, असं तुम्ही लिहिलंय. मी सांगली-मिरजेत आणि आसपासच्या गावांत अशी व्याख्यानं देते, कधी दुसऱ्यांची ठरवूनही देते, त्यावरून सांगते.

बहुतेक मंडळं आधी हॉल मिळवतात, मग वक्ता गाठतात, आणि विषय वक्त्यावर सोडतात. मग 'पक्ष्यांचं अद्भुत विश्व' असं काहीतरी ठरतं, केनियापासून भरतपूरपर्यंतचे फोटो पडद्यावर येतात, लोक 'वा' म्हणतात आणि घरी जातात. तुम्ही सुरुवात दुसऱ्या टोकाकडून करा. व्याख्यान शनिवारी असेल, तर रविवारी सकाळी तुमच्या सभासदांना चालत किंवा तासाभराच्या गाडीच्या अंतरावर काय बघायला मिळेल, हे आधी ठरवा. तोच विषय. वक्ता त्यानंतर शोधा.

सांगलीला हे जमतं, कारण आपल्याकडे वर्षभर काही ना काही चालू असतं. मे अखेरीला पावशा 'पेर्ते व्हा' ओरडायला लागतो, पाठोपाठ चातक येतो. चातक पावसाळी वाऱ्यांबरोबर आफ्रिकेकडून इकडे येतो आणि अंडी सातभाई पक्ष्यांच्या घरट्यात घालतो. पावशाही सातभाईंच्याच गळ्यात पडतो, आणि कोकिळा कावळ्याच्या. या तिघांवर मिळून जूनमध्ये एक तास ठेवा. मी हा विषय मांडते तेव्हा सर्वांत जास्त हशा आणि सर्वांत जास्त प्रश्न याच विषयाला येतात. कोकिळांत गाणारा काळा तो नर आणि ठिपक्याठिपक्यांची, गप्प बसून कावळ्याचं घरटं हेरणारी ती मादी, हे सांगितलं की पहिल्या रांगेत लगेच नवराबायकोत कुजबुज सुरू होते.

जुलै-ऑगस्टमध्ये सुगरणीची घरटी बघायला कुठल्याही जुन्या विहिरीवर जा. विहिरीवर वाकलेल्या बाभळीला किंवा शिंदीला ती लटकलेली असतात. नर अर्धं घरटं विणून थांबतो, मादी येऊन तपासते, पसंत पडलं तरच तो पुढचं काम करतो.

नागपंचमीच्या महिन्यात सापांवर बोलणं ठेवा. नागपंचमीच्या नागांसाठी प्रसिद्ध असलेलं बत्तीस शिराळा आपल्याच जिल्ह्यात आहे, त्यामुळे त्या दिवसांत घराघरांत तीच चर्चा असते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चार ओळखता आले आणि चारही विषांवर एकच प्रतिविष चालतं हे कळलं, तरी ऊसपट्ट्यातल्या माणसाला पुष्कळ उपयोग होतो. पकडलेला साप कुणी व्यासपीठावर आणतो म्हणाला तर स्वच्छ नाही म्हणा. १९७२च्या वन्यजीव कायद्यानं ते चालत नाही, आणि तसा वक्ता नको पण.

५ ते १२ नोव्हेंबर राज्यात पक्षी सप्ताह पाळतात. ५ तारखेला अरण्यलेखक मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ तारखेला पक्षीतज्ज्ञ डॉ. सलीम अलींचा. त्या आठवड्यात सगळ्यांनाच वक्ते हवे असतात, म्हणून तुमचा मोठा कार्यक्रम तेव्हा ठेवू नका. फार तर आयर्विन पुलाजवळ घाटावर सकाळचा फेरफटका ठेवा. कवड्या खंड्या पाण्यावर एका जागी फडफडत मुंडी खाली घालून नेम धरतो, तो एकदा बघितला की पुढच्या वेळी माणसं आपणहून येतात.

थंडीत दोन विषय हमखास भरतात. एक मगर. भिलवडी, औदुंबर, डिग्रज या पट्ट्यात ती सगळ्यांनी ऐकलेली असते, काहींनी पाहिलेली. थंडीच्या दिवसांत ती उन्हाला काठावर पडते, त्यामुळे पुलावरून दुर्बिणीनं दिसू शकते. हे व्याख्यान प्राध्यापकाबरोबर नदीत जाळं टाकणाऱ्या माणसालाही शेजारी बसवून ठेवा. मगर कुठल्या वळणावर असते, माणसानं धुणं-पोहणं कुठे टाळावं, हे तो सांगतो ते कुठल्या स्लाइडवर नसतं. दुसरा विषय भोरड्या. मध्य आशियाकडून येणारी ही गुलाबी-काळी पाखरं शाळू भरात आला की थव्यानं उतरतात. ज्यांचं लहानपण गोफण घेऊन पाखरं राखण्यात गेलंय असे आजोबा तुमच्या क्लबात नक्की असतील. त्यांना आधी दहा मिनिटं बोलू द्या. मग वक्त्यानं सांगावं की हीच पाखरं नाकतोडेही फस्त करतात. वाद होईल, होऊ द्या. द्राक्षबागायतदार असतील तर आणखी रंगेल.

फेब्रुवारीत 'ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट' ही जगभरची पक्षी-मोजणी चार दिवस असते. पंधरा मिनिटं एका जागी थांबून दिसतील तेवढे पक्षी मोजायचे आणि ई-बर्ड या संकेतस्थळावर नोंदवायचे. नातवंडांसाठी यापेक्षा चांगला कार्यक्रम नाही, आणि वक्त्याचीही गरज नाही. त्याच सुमारास एखादी फुललेली काटेसावर शोधून ठेवा. तिच्याखाली अर्धा तास बसलं की मैना, भोरड्या, बुलबुल, शिंजीर, कावळे सगळे आळीपाळीनं येऊन जातात. चालायचा त्रास असलेल्या सभासदांना खुर्च्या टाकून द्या.

लांबची सहल वर्षातून एकदा पुरे. विट्यावरून मायणी आणि येरळवाडी हे पक्ष्यांचे तलाव गाठता येतात. मायणीला २०२१मध्ये संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. येरळवाडीला रोहित पक्षी येतात, पण त्यांना उथळ पाणी लागतं. तलाव काठोकाठ भरलेला असेल तर ते दिसतीलच असं नाही, म्हणून निघण्याआधी तिथल्या कुणाला तरी फोन करा. नाहीतर सागरेश्वर घ्या, देवराष्ट्र्याजवळ. उघड्या डोंगरावर धों. म. मोहित्यांच्या पुढाकारानं झाडं लावून उभं राहिलेलं जंगल, १९८५ पासून अभयारण्य. तिथे गेलात तर कुंपणाबाहेरच्या शेतकऱ्यालाही बोलता करा. हरणं पिकात येतात तेव्हा त्याचं काय होतं, हेसुद्धा निसर्गाच्याच व्याख्यानात यायला हवं.

आणि पूर. पक्ष्यांच्या यादीत हा विषय कुणी धरत नाही, पण कृष्णेवर बोलताना सांगलीकर सगळ्यात आधी तोच काढतो. ४० फुटांची इशारा पातळी, ४५ची धोका पातळी इथल्या शाळकरी पोराला पाठ आहे, आणि २०१९ला आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं तेही. पूर ओसरल्यावर गाळपेरीत काय उगवतं, काठावरची झाडं गेली की खंड्या बीळ कुठे करतो, मासे कुठले कमी झाले, यावर एक संध्याकाळ सहज जाईल.

आता वक्ते. उत्तम फोटो काढणारा माणूस उत्तम बोलतोच असं नाही. तीनशे फोटो घेऊन येणार असेल तर वीसच आणायला सांगा, आणि तेही सांगली-साताऱ्यातले. कॉलेजांतले प्राणीशास्त्र-वनस्पतिशास्त्राचे शिक्षक, वनरक्षक, सर्पमित्र, मासेमारी करणारे, हे सगळे जवळ आहेत. मानधन द्या, निदान पेट्रोलचा खर्च तरी. शाल-श्रीफळावर बोळवण करायची पद्धत आता सोडा. शालींचं आमच्याकडे कपाट भरलंय. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय यात अर्धा तास गेला की पहिली जांभई तिथेच येते. परिचय दोन वाक्यांत, बोलणं चाळीस मिनिटं, उरलेला वेळ प्रश्नांना.

प्रश्न बहुतेक ठरलेले असतात. चिमण्या कुठे गेल्या, हा तर हमखास. २०२०च्या देशपातळीवरच्या पक्षी-अहवालात चिमणीची एकूण संख्या साधारण स्थिर आणि मोठ्या महानगरांत घट, असं चित्र आलं. मोबाइल टॉवरनं चिमण्या मारल्या हे छातीठोकपणे सांगण्याइतका पुरावा नाही. घरट्याच्या सांदी आणि पिल्लांना भरवायचे किडे कमी झाले, हे कारण जास्त पटणारं. घुबड आणि टिटवीच्या अशुभाबद्दल कुणी विचारलं तर वक्त्यानं अंधश्रद्धेवर भाषण देऊ नये. रात्री टिटवी ओरडते कारण तिची अंडी उघड्या जमिनीवर असतात आणि कुणीतरी जवळ आलेलं असतं. गव्हाणी घुबड उसातले उंदीर खातं. एवढं सांगून थांबलं तरी पुरतं.

रविवारच्या फेरीला एका जाणत्या माणसामागे पंधरा-वीसच जण न्या. क्लबसाठी ८ बाय ४२च्या (आठपट मोठं दाखवणाऱ्या, ४२ मिलिमीटर भिंगाच्या) तीन-चार दुर्बिणी घेऊन ठेवा, प्रत्येकानं विकत घ्यायची गरज नाही. घरट्याजवळ फोटोसाठी जायचं नाही, आणि पक्षी बाहेर यावा म्हणून मोबाइलवर त्याचा आवाज वाजवायचा नाही, विशेषतः विणीच्या दिवसांत. हे आदल्या संध्याकाळीच सांगा, सकाळी कुणी ऐकत नाही. दिसलेल्या पक्ष्यांची यादी एका वहीत ठेवा, तारीख आणि जागा घालून. पुढच्या वर्षीचे विषय त्या वहीतूनच निघतील.

पहिलं व्याख्यान मगरीचं ठेवा, डिसेंबर-जानेवारीत. तोवर थांबायचं नसेल आणि पावसाळा तोंडावर असेल, तर पावशा, चातक आणि कोकिळेचं. वक्ता नाही मिळाला तर मला खाली लिहा, जमेल तर मी येईन. फक्त हॉलला पडदे आहेत का ते आधी बघून घ्या. उजेडात प्रोजेक्टरवर काळा कोकीळ आणि काळा कावळा सारखेच दिसतात.