गँगरीन सर्रास होतं का? वडिलांचं बोट काळं पडलंय त्या ताईंसाठी

ताई, वडिलांना पंधरा वर्षांपासून साखर आहे, पायाच्या अंगठ्याचं टोक काळपट दिसतंय आणि गँगरीन कुणालाही होतं का, असं तुम्ही विचारलंय. सर्जिकल वॉर्डात ड्रेसिंग करण्यात माझी उभी हयात गेली, म्हणून सांगते. पण आधी त्यांना आजच डॉक्टरांना दाखवा. काळं पडलेलं बोट उद्यावर टाकायचं नसतं.

धडधाकट माणसाला गँगरीन क्वचितच होतं. रक्त पोचेनासं झालं की तिथलं मांस मरतं, आणि ही वेळ सगळ्यात जास्त येते ती साखरेच्या पेशंटवर. आपल्या देशात मधुमेही १० कोटींच्या वर आहेत. त्यांच्यातल्या शंभरातल्या १९ ते ३४ जणांना आयुष्यात कधीतरी पायाला जखम होते. सगळ्या चिघळत नाहीत. पण मधुमेहात पाय कापावा लागतो तेव्हा सुमारे ८५ टक्के वेळा सुरुवात अशाच जखमेने झालेली असते.

एक शेतकरी काका आले होते. बाभळीचा काटा चपलेतून आरपार तळव्यात घुसलेला, आणि ते चार दिवस तसेच चालत होते. फरशीवरचे डाग काकूंनी पाहिले म्हणून कळलं. "दुखतच नव्हतं हो," एवढंच ते म्हणत राहिले. तीन बोटं काढावी लागली, पाऊल वाचलं. साखरेने पाय बधिर होतो तो असा.

दुसरे म्हणजे बिडी-तंबाखूवाले. साखर नाही, वय पस्तीस-चाळीस, आणि बोटं काळी. याला बर्जर्स डिसीज म्हणतात. यात तंबाखू पूर्ण सुटली नाही तर बाकी उपचारांचा फारसा उपयोग होत नाही, हे मी घरच्यांना हात जोडून सांगायचे. अपघातात मातीने भरलेल्या जखमेतून होणारं गॅस गँगरीन दुर्मिळ, पण ते तासातासाला पसरतं.

वडिलांचं बोट कोरडं, सुरकुतलेलं आहे की ओलं, फुगलेलं? घाण वास, पू किंवा ताप असेल तर वेळ घेत बसू नका, थेट कॅज्युअल्टीत न्या. गरम पाण्याचा शेक अजिबात नको. बधिर पायाला चटका कळत नाही. हळद-चुनाही नको. पायाची नाडी तपासायला सांगा, डॉप्लर (पायातलं रक्त नीट वाहतंय का ते पाहायची तपासणी) लागेल का तेही विचारा. आणि रोजची चप्पल सोबत न्या. पुष्कळदा जखमेचं मूळ तिच्यातच सापडतं.